गुनवोरचे दहा अँपिअर

सतरा मेच्या, म्हणजे नॉर्वेच्या राष्ट्रीय दिनाच्या सकाळी साडेनऊलाच गुनवोरचं डोकं फिरलं. शाळेच्या जुन्या हॉलमध्ये वाफलची सात मशीनं मांडलेली. सात! आणि भिंतीत फ्यूज एकच, चिनीमातीचा, दहा अँपिअरचा, तिच्या लग्नाच्याही आधीचा.

"मी दोन सांगितली होती," ती म्हणाली. पस्तीस वर्षं याच शाळेत फिजिक्स शिकवून ती नुकतीच रिटायर झाली होती.

"अगं, सगळ्यांनी प्रेमानं आणलीत," ऑडवार म्हणाला. तो पालक समितीचा अध्यक्ष. "दुगनाड म्हणजे श्रमदान, सगळे फुकट राबतात. कुणाला नाही कसं म्हणायचं?"

"नाही म्हणू नकोस. फक्त लावू नकोस!"

मागच्या वर्षी ऐन वेळी फ्यूज उडाला होता आणि झेंडे हातात घेऊन मिरवणुकीतून आलेली ऐंशी पोरं कच्चं पीठ बघत उभी राहिली होती. यंदा गरम वाफल मिळणारच, असा शब्द तिनं पोरांना दिला होता. आज दुकानं बंद, आणि जादा फ्यूज एकच.

तिनं फळ्यावर लिहिलं. "दोनशे तीस व्होल्ट गुणिले दहा अँपिअर, तेवीसशे वॉट. एक मशीन हजाराचं. दोन बसतात. तिसरं लावलं की अंधार."

"माझं बारकंच आहे," समितीतली तुरीद म्हणाली. तिच्या आजीचं मशीन, त्यावर ना लेबल ना आकडा. गुनवोरनं मीटर लावलं. सव्वीस ओहम.

"दोनशे तीस भागिले सव्वीस, जवळजवळ नऊ अँपिअर. म्हणजे दोन हजार वॉट! तुरीद, हे मशीन नाही, भट्टी आहे."

"पण रेझिस्टन्स कमी आहे ना? मग कमीच खाणार की."

"उलटं गं बाई, उलटं! अडवणारं कमी, म्हणून करंट जास्त! नववीत मीच शिकवलंय तुला."

"तरीच," ऑडवार पुटपुटला. मग मोठ्यानं म्हणाला, "मत घेऊ या का?"

घेतलं. सहा विरुद्ध एक, सगळी मशीनं लावावीत. गुनवोरनं पाच मशीनं उचलली आणि आपल्या गाडीच्या डिकीत कोंडली.

"छान कल्पना," सगळे हसून म्हणाले. म्हणजे सगळे जाम चिडले होते.

अकराला दोन्ही मशीनं तापली, लोण्याचा वास सुटला, लांबून बँड ऐकू आला, आणि फट्!

"तुरीद!"

"मी नाही!"

ऑडवार एका वायरवर बोट ठेवून वायर जाईल तिकडे निघाला. वायर पोचली चाळीस कपांच्या कॉफीच्या भांड्यापाशी. "हे कुणी लावलं?"

लावलं होतं गुनवोरनंच, पाच मिनिटांपूर्वी, वैतागून. दोन हजार वॉट.

"ती... ती तर कॉफी आहे," तिचा आवाज नववीतल्या पोरासारखा आला. "कॉफी कोण मोजतं?"

कुणीच हसलं नाही. सगळ्यांना पटलं.

तिनं शेवटचा फ्यूज पिळून बसवला.

"एक तर कॉफी, नाही तर वाफल," ऑडवार म्हणाला. "मत घेऊ या."

कॉफीसाठी सहा हात वर गेले. सातवा, गुनवोरचा, अर्धा वर गेला आणि तिथंच थांबला. दारात पहिला झेंडा दिसला होता. तिनं कॉफीची वायर उपटली आणि सणाच्या पोशाखावरच्या चांदीच्या बटव्यात कोंबली.

"एका वाफलला पाच पाकळ्या. पोराला एक पाकळी. ऐंशी पोरांना सोळा वाफल, आठ फेऱ्या, फेरीला तीन मिनिटं. चोवीस मिनिटं."

"चोवीस मिनिटं?" रिकामा कप छातीशी धरून ऑडवार म्हणाला. "कॉफीशिवाय?"

"घे मत हवं तर," गुनवोर म्हणाली आणि तिनं पीठ ओतलं.