महाराजांचा बुद्धिदंड

एकलहऱ्याच्या त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या रांगेत गर्भार सुना, मागे त्यांच्या सासवा. गर्भानंद महाराज पितळी दंड एकेकीच्या पोटाला टेकवत आणि विचारत, "बोल बाळा, बुद्धी किती?" की आतून लगेच लाथ! सून दचके आणि महाराज गरजत, "इंजिनिअर!" टाळ्या पडत. एकीला दोन लाथा बसल्या, तिचं बाळ थेट कलेक्टर झालं.

निकिताला मात्र टाळ्या ऐकू येत नव्हत्या. आठवा महिना, आणि सकाळपासून पोटात चुळबूळ नव्हती. दवाखान्यात जाऊ म्हटलं, तर सासूबाई लंकाबाई म्हणाल्या, "आधी महाराज, मग डॉक्टर."

तिचा नंबर आला. दंड टेकला. लाथ नाही. महाराजांनी पुन्हा दाबून टेकवला. तरीही नाही.

"समाधी लागलीय!" महाराज डोळे मिटून म्हणाले. "महाज्ञानी जीव आहे. दवाखान्याच्या मशीनने त्याची तंद्री मोडू नका."

लंकाबाईंनी हात जोडले. निकिताला मात्र हे पटेना. त्यात दंड टेकताना कातडीला झिणझिण्या आल्या होत्या. देवाची शक्ती अशी मोबाइलसारखी थरथरते?

तिने दंड सरळ हिसकावला. मुठीखाली बटण लागलं. ते दाबून तिने दंड प्रसादाच्या ताटावर टेकवला. ताट खर्रर्र वाजू लागलं, बत्तासे टणाटण उडाले.

"ही दैवी स्पंदनं..." महाराज चाचरले.

"दैवी कसली?" लंकाबाई कडाडल्या. "आतमधी मोटार हाय! चल निकिता, रिक्षा बघ."

दवाखान्यात डॉ. संध्यांनी पोटाला पट्टा बांधला. बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकू येईपर्यंत लंकाबाईंनी पदर तोंडात धरला होता. ठोके नीट होते. थोड्या वेळाने बाळाने आपणहून पाय झाडला, तशी निकिता रडायलाच लागली.

"या वेळी सगळं ठीक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण हालचाल कमी वाटली की थांबायचं नाही, लगेच यायचं."

"मग बाकीच्यांची पोरं लाथा का मारत होती?" लंकाबाईंनी विचारलं.

"कानाशी अचानक मोटार घरघरली तर तुम्हीही दचकाल, मावशी. त्यात बुद्धी कसली? बाळ आपणहून हातपाय हलवतं, तेव्हा त्या हालचालीची खबर मेंदूला जाते. हा हात माझा, हा पाय माझा, अशी ओळख मेंदूला त्यातून होत जाते. हे काम बाळ स्वतःच करतं. त्याला दंड लागत नाही."

"आणि कलेक्टर?"

"ते लाथा मोजून कळत नाही."

पुढच्या गुरुवारी लंकाबाई हॉलच्या दारातच उभ्या राहिल्या. आत जाणाऱ्या प्रत्येकीला त्या अडवत होत्या. "बाई, पोट गप वाटलं तर समाधी म्हणू नको, दवाखाना गाठ. देवाला नंतर हात जोड, तो काय पळून जात नाय. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर आधी त्याचं बटण कुठंय ते बघ."