मंजूर रजा

मैत्रीने फोन ओट्यावर पालथा ठेवला आणि मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली. दोन-तीन काड्या तिने पानांसकट मोडून भांड्यात टाकल्या, मग लक्षात आल्यावर वेचून बाहेर काढल्या.

“कोण होतं?” अनुपने विचारलं. तो टेबलाशी बसून आईच्या आठवड्याच्या गोळ्या डबीच्या सात खणांत भरत होता.

“चीफ व्हिप.”

“रविवारी?”

“माझी रजा मंजूर आहे म्हणाली. मंगळवारी मतदानाला आले नाही तरी कुणी काही बोलणार नाही. आईला शुभेच्छा सांगितल्यात.”

“मग बरंच झालं की, ताई.”

अनुपने बुधवारच्या खणाचं झाकण उघडलं आणि तो तसाच रिकामा ठेवला. बुधवारी सकाळी साडेसातला आईच्या हृदयाची झडप बदलायची होती. छाती न उघडता, मांडीतून नळी घालून. तरी आई त्र्याऐंशी वर्षांची होती आणि डॉक्टरांनी कागदावर सही घेताना आवाज खाली आणला होता.

वडील गेल्यापासून आई, गिरजाबाई, इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेला अनुपकडे राहत होती. मैत्री इंग्लंडमध्येच राहिली. नागपूर सोडलं तेव्हा ती चार वर्षांची होती. वडील मिडलंड्समधल्या एका ओतकामाच्या कारखान्यात लागले, आई हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात. मैत्री वकील झाली, बारा वर्षं कामगार संघटनांचे खटले लढली, पहिली निवडणूक हरली, दुसरी जेमतेम जिंकून खासदार झाली. त्यालाही आता चौदा वर्षं झाली होती. कष्टकऱ्यांचा म्हणून ओळखला जाणारा तिचा पक्ष सत्तेत होता, आणि मंगळवारी तोच पक्ष अपंगांचा भत्ता कापणारं विधेयक मंजूर करून घेणार होता. मैत्री विरोधात मत देणार, हे चीफ व्हिपला आणि पक्षाच्या इतर प्रतोदांना ठाऊक होतं. तिची गैरहजेरी त्यांना सोयीची होती.

“सरकार पडणार आहे का तुझ्या मताने?” अनुप म्हणाला.

“नाही. आरामात जिंकतील.”

“मग? बी प्रॅक्टिकल. इतकं जेन्युइन कारण आहे तुझ्याकडे. तुझ्या मतदारांनाही कळेल.”

“त्यांना कळेल रे,” मैत्री म्हणाली. “तेच तर. कुणी काही विचारणारच नाही.”

ती हात धुऊन आईच्या खोलीत गेली. आई पलंगावर उशीला टेकून बसली होती. मैत्रीने फणी घेतली आणि मागे बसून तिचे पातळ पांढरे केस विंचरायला सुरुवात केली.

“ऐकलं मी,” आई म्हणाली. पन्नास वर्षं परदेशात काढूनही तिच्या बोलण्यातलं नागपूर गेलं नव्हतं. “या घराच्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत.”

“मी कुठे जात नाहीये, आई.”

“तू पार्लमेंटात पहिलं भाषण केलं, त्यात माझं नाव घेतलं होतं.”

“हो.”

ते भाषण अजूनही लोक तिला आठवून सांगत. एकोणऐंशीच्या हिवाळ्यात धुलाईखान्यातल्या बायकांनी संप केला होता. बर्फात हॉस्पिटलच्या गेटवर त्या उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यात कोटाखाली साडी नेसलेली एकटी बाई म्हणजे मैत्रीची आई. मैत्रीच्या प्रत्येक प्रचारपत्रकावर ही गोष्ट असे.

“ते खोटं आहे,” आई म्हणाली. “मी नव्हती गेली.”

फणी केसांतच थांबली.

“आदल्या दिवशी सुपरवायझर घरी आली. म्हणाली, ज्यांना बरं नाही त्यांची रजा मंजूर करते, त्यांच्या नावापुढं काही लिहिणार नाही. मी म्हटलं, मले ताप आहे. ताप नव्हता. दिवसभर पडदा ओढून घरात बसली. आपल्या खिडकीतून गेट दिसे. सव्वीस बाया होत्या. मी मोजल्या.”

“पण तूच मला सांगितलं होतंस.”

“तू शाळेतून आली अन् विचारलं, आई, तू पण होती ना तिथं? आठ वर्षांची होती तू. मी हो म्हटलं. मग तू मोठी झाली, कागदावर छापलं. तेव्हा कसं सांगू?”

मैत्री उठून आईच्या समोर येऊन बसली. आई तिच्याकडे न बघता पांघरुणाची कड सारखी करत होती.

“शेजारची ब्रिजेट होती त्या सव्वीसमध्ये. तिची नोकरी गेली. मरेपर्यंत माझ्याशी चांगली वागली ती. तेच सहन झालं नाही मले.”

“आता का सांगतेस?”

“बुधवारचं कोणाला माहीत.” आईने पांघरुणाची कड सोडली. “मी तुले जा म्हणत नाही. मले भीती वाटते. तू असली तर बरंच वाटेल. राहायचं असेल तर राहा. पण तिथं माझं कारण नको सांगू.”

मैत्रीने विचारलं, “ही गोष्ट मी तिथे सांगितली तर चालेल?”

“सांग. मी काय आता तिथं राहते?”

मैत्री मागच्या अंगणात गेली आणि तिने चीफ व्हिपला फोन लावला.

“मंगळवारी मी सभागृहात असेन,” ती म्हणाली.

पलीकडची बाई म्हणाली, “मैत्री, तुझी आई आजारी आहे. कुणीही तुला दोष देणार नाही.”

“आई माझं कारण नाही.”

“परिणाम माहीत आहेत ना?”

“माहीत आहेत. निलंबनाचं पत्र तयार ठेवा.”

अनुप तिच्याशी भांडला. ऑपरेशनच्या वेळी ती विमानात असेल, काही झालं तर फोनही लागणार नाही, असं त्याने दोनदा सांगितलं. स्वतःला माफ करू शकशील का, असंही विचारलं. माहीत नाही, मैत्री म्हणाली. सोमवारी संध्याकाळी त्यानेच तिला न्यूअर्कच्या विमानतळावर सोडलं. डिपार्चर्सपाशी गाडीतून तिची बॅग काढून देताना म्हणाला, “परतीची फ्लाइट मिस करू नकोस.”

मंगळवारी तिला बोलायला चार मिनिटं मिळाली. विधेयकावर ती तीन मिनिटं बोलली. मग म्हणाली, “चौदा वर्षांपूर्वी या सभागृहात मी माझ्या आईची एक गोष्ट सांगितली होती. ती खरी नव्हती, हे मला परवा कळलं. संपाच्या दिवशी माझी आई गेटवर नव्हती. तिला आजारी असल्याचं सांगण्याची मुभा दिली गेली होती. तिची रजा मंजूर होती. या आठवड्यात माझीही होती. अशी रजा माणसाला किती वर्षं पुरते, ते मी आता पाहिलं आहे. म्हणून मी आले.”

तिच्या बाकावरच्या काहींनी कागद चाळायला घेतले. समोरच्या बाकांवरून कुणीतरी हसलं. मैत्री खाली बसली नाही. तिचा वेळ संपल्याचं अध्यक्षांनी सांगेपर्यंत ती पुढे बसलेल्या मंत्र्यांकडे बघत उभी राहिली.

सरकार अडतीस मतांनी जिंकलं. तिच्या पक्षातल्या तेवीस जणांनी विरोधात मत दिलं. ती सभागृहाच्या पायऱ्या उतरत होती तेव्हाच पक्षातून निलंबित केल्याचं पत्र फोनवर आलं. ते तिने उभ्या-उभ्या वाचलं, आणि बाहेर थांबलेल्या वार्ताहरांनी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, “पुन्हा मतदान झालं तर पुन्हा येईन.”

बुधवारी दुपारी विमान न्यूअर्कला टेकताच तिने फोन चालू केला. अनुपचा एकच मेसेज होता: झालं. शुद्धीवर आहे. तुला विचारतेय.

हॉस्पिटलच्या खोलीत आई सपाट झोपली होती, पाय हलवायला मनाई होती. उजेड तिच्या डोळ्यांना सोसत नव्हता. मैत्री वाकली तशी तिने बोटं थोडी उचलली.

“जिंकले ते?” आईने विचारलं.

“जिंकले.”

“मग तुले काढलं?”

“काढलं.”

आईने मान हलवायचा प्रयत्न केला. ड्रिप बदलायला नर्स आत आली, पाहुणीकडे बघून हसली आणि म्हणाली, सकाळपासून या तुमची वाट बघतायत. आईने तिला हाताने जवळ बोलावलं. घसा कोरडा होता, पण इंग्रजी शब्द तिने एकेक करून नीट उच्चारले.

“ही माझी मुलगी,” ती म्हणाली. “ही गेली होती.”

“हो का? कुठे?” नर्सने बाटली टांगत विचारलं.

आईचे डोळे मिटले होते. मैत्रीने खुर्ची पलंगाजवळ ओढली.