घोंगड्याची अर्धी बातमी

“पण बाबू, घोंगड्याचं पेपरात नेमकं काय आलंय?” घोंगडी विणणाऱ्या बिराप्पानं विचारलं, आणि परंड्याच्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात सगळ्यांनी कान टवकारले.

अण्णाराव तिकीटबाबूंनी मिशीवरून हात फिरवला. कुर्डुवाडीच्या गाडीनं येणारा पेपर वकीलसाहेबांचा. त्यांचा गडी न्यायला येईपर्यंत अण्णाराव तो हॉटेलात वाचून दाखवायचे, आणि उरलेलं आपल्या अकलेनं पुरं करायचे. खिडकीत बसून सगळा पेपर वाचूनच बाबू येतात, असा लोकांचा समज. नया पैसा आला तेव्हा तो का आला, हे बाबूंनी सांगितलं. रशियाचा माणूस आभाळात फिरून आला तेव्हा तो वर काय जेवला, हेही बाबूंनीच सांगितलं. पेपर कुठं संपला आणि बाबू कुठं सुरू झाले, हे कुणाला कळायचं नाही. बाबूंनाही नाही म्हणा.

त्या दिवशी ‘घोंगडी आता यंत्रावर’ एवढा मथळा वाचला आणि गडी पेपर घेऊन गेला. ‘पुढचं मी वाचलेलं नाही,’ एवढंच म्हणायचं होतं. पण चारचौघांत ते म्हणायला जीभ रेटेना.

“काय यायचंय? यंत्र आलंय. हातमागाचे दिवस भरले. शहाणा असशील तर लाकडाला गिऱ्हाईक आहे तोवर माग मोडून टाक.”

“सरकार कायतरी करंल की.”

“सरकारला तुझं घोंगडं पांघरायचंय का?”

सगळे हसले. बिराप्पाही हसला, पण त्यानं चहा तसाच ठेवला.

आठवड्यानं वकीलसाहेब गाडीला आले तेव्हा खिडकीशी थांबले. “त्या बिराप्पाला कळवलंत ना, अण्णाराव? यंत्राच्या बातमीखालीच होतं. विणकरांची सोसायटी निघतेय. लोकर देणार, घोंगडीही विकत घेणार. अट एकच, घरात चालता माग पाहिजे.”

अण्णारावांनी बार्शीच्या प्रवाशाला भूमचं तिकीट फाडून दिलं. गाडी सुटली तशी खिडकी लावली आणि धनगरगल्लीकडं निघाले. अजून मोडला नसेल, असं मनाला बजावत होते. माणूस सांगितलं की लगेच करतो थोडाच?

बिराप्पाच्या घरात घोंगड्यांना लावायच्या चिंचोक्याच्या खळीचा वास अजून होता. माग नव्हता. मागाचा खड्डा बुजवून त्याची बायको इरम्मा वरून सारवत होती.

“या बाबू,” ती पदर सावरत म्हणाली. “हॉटेलवाल्यानं लाकडं नेली. मालक सडकेवर खडी फोडाया गेल्यात. सासऱ्याच्या हातचा माग व्हता, लई जड गेलं त्यास्नी. पर तुमी वेळेवर सांगितलं म्हणून बरं. शिकलेलं माणूस खोटं कशाला सांगंल?”

धरणीनं पोटात घ्यावं असं अण्णारावांना झालं. सांगायला म्हणून तोंड उघडलं आणि पाणी मागितलं. तिनं तांब्या घासूनपुसून भरून आणला. दोन घोट घेऊन त्यांनी तांब्या खाली ठेवला. तसेच परतले. स्वतःची त्यांना शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात नवं बाकडं होतं. इतक्या वर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेलं बाभळीचं लाकूड. बिराप्पा त्यावर बसला होता, बोटांना चिंध्या बांधून.

“बसा बाबू. आपलाच माग हाय.”

अण्णाराव उभेच राहिले. “बिराप्पा, त्या दिवशी मी नुसता मथळा वाचला होता. बाकीचं माझ्या पदरचं. खालच्या बातमीत तुझ्या मागाला काम होतं.” मग सोसायटीचं, अटीचं सगळं सांगितलं. अण्णारावांना वाटत होतं, यानं चार शिव्या तरी द्याव्यात.

“ने बाबा तुझी लाकडं,” हॉटेलवाला शेवटी म्हणाला.

बिराप्पानं वाकून बाकड्याच्या टोकावरून बोट फिरवलं. “लाकडं कापल्यात, आता माग जुळत न्हाय,” तो म्हणाला. बोटाची सुटलेली चिंधी पुन्हा गुंडाळली. मग म्हणाला, “इरम्माला म्या सांगतो. तुमी नगा सांगू. वाचा आता, काय आलंय ते.”

अण्णारावांनी वाचलं. छापलं होतं तेवढंच.

आता कुणी पुढचं विचारलं की ते ‘माहीत नाही’ म्हणतात. पेपर मात्र उभ्यानंच वाचतात. खडी फोडून आलेला बिराप्पा रोज जरा सरकून त्यांच्यापुरती जागा करतो, आणि गडी पेपर घेऊन गेला तरी ती रिकामीच असते.