चुकलेली गोळी

ऑपरेशनचा हिरवा झगा घालून झुंबर खाटेच्या कडेला बसला, तेव्हा त्याच्या पोटऱ्या किती वाळल्यात ते कुसाबाईला पहिल्यांदा नीट दिसलं. मखमलाबादच्या शिवारात दीड एकर झेंडू उभा करणारा हा माणूस. नवरात्र आठ दिवसांवर आलं होतं, दसऱ्याच्या फुलांचा तोडा तोंडावर होता, आणि पित्ताशयातल्या खड्यांनी नेमकं आत्ताच डोकं वर काढलं होतं. महिनाभरात तीनदा कळ येऊन तो बांधावरच आडवा झाला होता. सर्जननी सांगितलं, आता थांबण्यात अर्थ नाही.

खड्यांचं कुसाबाईला फारसं भय नव्हतं. तिला भय होतं ते हृदयाचं. चार वर्षांपूर्वी झुंबरचा धाकटा भाऊ धनराज मार्केट यार्डात क्रेट उचलता उचलता खाली बसला, तो उठलाच नाही. वय अवघं एकतीस. त्यानंतर सगळ्यांनी मागे लागून झुंबरला तपासायला नेलं, तर त्याच्या हृदयाचा स्नायू नको तितका जाड झालेला निघाला. धनराजचंही तेच असणार, असं तिथले डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून झुंबरला सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी होती. ती हातावर ठेवायचं काम कुसाबाईचं. चार वर्षांत तिने एकदाही खाडा पडू दिला नव्हता.

भूल देणाऱ्या उज्वला मॅडमनी आठवड्यापूर्वी दोघांना समोर बसवून सगळं समजावलं होतं. कागदावर हृदय काढून त्यातली जाड भिंत दाखवली होती. ठोके वाढले किंवा अंगात पाणी कमी पडलं, तर ही भिंत रक्ताची बाहेर पडायची वाटच अडवते, आणि भुलीच्या औषधांनी रक्तदाब उतरतो म्हणून अशा माणसाला फार जपावं लागतं, असं त्या म्हणाल्या. झुंबरचं हृदय भरलेलं हवं आणि सावकाश चालायला हवं. म्हणून ऑपरेशनच्या दिवशी सकाळीसुद्धा ही गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायचीच, हे त्यांनी दोनदा सांगितलं. कुसाबाईने मान डोलावली होती.

पण आदल्या दिवशी हॉस्पिटलमधून फोन आला आणि कोणीतरी भराभरा सांगून टाकलं की रात्री बारानंतर पोटात काहीही जाता कामा नये, पाणीसुद्धा नाही. शेजारची चिमणाबाई तिथेच बसलेली. ती म्हणाली, तिच्या बहिणीने अर्धा कप चहा घेतला होता तर डॉक्टरांनी टेबलावरून परत पाठवली. पोटातलं काही भुलीत वर आलं आणि फुप्फुसात गेलं तर माणूस हाती लागत नाही. कुसाबाईच्या डोक्यात दोन्ही सांगणी एकमेकांवर आदळत राहिली. संध्याकाळी झुंबरने जेवणासकट गोळी ओकून टाकली, तेव्हा पुन्हा द्यावी की नाही ते तिला कळेना. सकाळी सहाला तिने गोळी तळहातावर घेतली, पाण्याचा पेला भरला आणि दोन्ही तसंच खाली ठेवलं. झुंबर म्हणाला, राहू दे, एका गोळीनं काय होतंय.

आता उज्वला मॅडम त्याच्यापुढे उभ्या होत्या. त्यांनी छातीला नळी लावली, नाडी धरली, घड्याळाकडे बघितलं. नाडी एकशेआठ होती.

"सकाळची गोळी घेतली ना?" त्यांनी विचारलं.

"घेतली की," झुंबर म्हणाला आणि त्याने कुसाबाईकडे एकदाच बघितलं. त्या बघण्याचा अर्थ तिला लग्नाच्या वीस वर्षांत पाठ झाला होता. गप राहा.

ती गप राहिली. बोललं तर ऑपरेशन पुढे जाणार, दसरा हातचा जाणार, आणि चारचौघांत नवरा खोटा पडणार. मॅडम म्हणाल्या, घाबरलेत म्हणून ठोके वाढले असतील, आत गेल्यावर बघते. आणि कागदावर काहीतरी लिहून त्या पुढे निघाल्या. तेवढ्यात ढकलगाडी आली. झुंबर तिच्यावर आडवा झाला आणि छताकडे बघू लागला.

कुसाबाई गाडीबरोबर चालू लागली. तिला धनराज आठवला, यार्डातल्या फरशीवर पडलेला, एका पायातली चप्पल निसटलेली, आणि भोवती लोक म्हणत होते, चक्कर आली असेल, पाणी मारा. आत्ताही सगळे तसंच काहीतरी बोलत होते. घाबरलेत म्हणून. खरं कारण तिला आणि झुंबरलाच ठाऊक होतं, आणि झुंबर सांगणार नव्हता. ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं, आतली गार हवा अंगावर आली, आणि तिने दोन्ही हातांनी गाडीचा लोखंडी दांडा घट्ट धरला.

"मॅडम, गोळी दिली नाय मी," ती म्हणाली. "कालची उलटून पडली. आजची मीच मागं ठेवली. पाणी बी नाय दिलं रातीपासून."

गाडी थांबली. उज्वला मॅडम दोन पावलं मागे आल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला कुसाबाईला स्पष्ट दिसला, आणि तेव्हाच तिला कळलं की आपण ज्याला भीत होतो ते खरंच तेवढं मोठं आहे. मॅडमनी उलटी किती वाजता झाली, शेवटचं पाणी कधी प्यायले, लघवी किती झाली, एकेक गोष्ट विचारून घेतली, आणि आदल्या दिवशीच्या फोनचंही कुसाबाईने सांगितलं. मग त्या सर्जनना म्हणाल्या, आज नाही. सर्जन कुरकुरले, दिवसभराची यादी ठरलेली होती. मॅडमचा आवाज जरासुद्धा चढला नाही. या ठोक्यांवर आणि अशा कोरड्या अंगाने मी यांना भूल देणार नाही, एवढंच त्या म्हणाल्या. कुसाबाईला वाटलं होतं, आपल्याला आता बोलणी बसणार. पण मॅडम म्हणाल्या, फोनवर तुम्हाला वेगळं सांगितलं गेलं, ती आमची चूक.

बोलणी बसली ती नवऱ्याची. खोलीत परतल्यावर झुंबर म्हणाला, "तोड्याला आता तुझा बाप येणार हाय का?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. त्याला गोळी दिली, सलाईन लावलं, छातीला तारा चिकटवल्या. दुपारपर्यंत ठोके ऐंशीवर आले आणि दिवस कलता सत्तरच्या खाली. कुसाबाई त्या हिरव्या आकड्यावरून नजर हलवत नव्हती. झुंबर दिवसभर तिच्याशी एक शब्द बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी नर्सने स्वतः दिली. नऊ वाजता झुंबरला आत नेलं. कुसाबाई आणि तिची मुलगी रोशनी बाहेरच्या बाकावर बसल्या. सतरा वर्षांची रोशनी मोबाईल उघडायची, बंद करायची. पाऊण तास लागेल म्हणाले होते. तास झाला. दार उघडलं आणि एक नर्स जवळजवळ पळतच बाहेर आली, शेजारच्या खोलीतून काहीतरी घेऊन तशीच आत गेली. कुसाबाई उठून तिच्या मागे दारापर्यंत गेली. दार तिच्या तोंडावर बंद झालं. काचेतून काही दिसत नव्हतं. आतून एका यंत्राचा टिकटिक आवाज येत होता, आणि तो जलद झालाय की आपल्या कानात आपलंच रक्त धडधडतंय, हे तिला सांगता येईना. रोशनीने तिला दंडाला धरून परत बाकावर बसवलं.

आणखी चाळीस मिनिटं गेली. त्या वेळात कुसाबाईने मनातल्या मनात नवऱ्याचं प्रेत घरी नेलं, सासूला सांगितलं, रानातला झेंडू तसाच उभा सुकलेला पाहिला.

उज्वला मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या टोपीची कड घामाने ओली होती. त्या म्हणाल्या, झालं, शुद्धीवर येताहेत. मग त्या बाकावर कुसाबाईशेजारीच बसल्या. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात गॅस भरतात. तो भरला तसा झुंबरचा रक्तदाब एकदम खाली गेला होता. त्यांनी गॅस सोडायला लावला, सगळ्यांना थांबवलं, रक्तवाहिन्या आवळणारं औषध दिलं, सलाईन वाढवलं, आणि दाब वर आल्यावर कमी गॅसवर हळूहळू काम पुरं केलं.

"काल नेलं असतं तर?" कुसाबाईने विचारलं.

मॅडमनी ओली टोपी काढून हातात घेतली. "काल कदाचित मला सावरता आलं नसतं, ताई," त्या म्हणाल्या.

उठता उठता त्यांची नजर रोशनीकडे गेली. हिच्या हृदयाची तपासणी केलीय ना, त्यांनी सहज विचारलं. हा आजार रक्तातून पुढे येतो.

कुसाबाईने पदर तोंडाशी धरला. चार वर्षांपूर्वी तिला हे सांगितलेलं होतं. चिठ्ठीसुद्धा दिली होती. ती चिठ्ठी तिने पेटीत साड्यांच्या खाली ठेवली आणि पुन्हा पेटी उपसताना त्या थराला हात लावला नाही. तपासलंच नाही तर काही निघणारही नाही, असं तिच्या मनाने धरलं होतं. रोशनी शाळेपासून खो-खो खेळायची, पळायची, आणि दर वेळी कुसाबाई मैदानाकडे पाठ करून उभी राहायची.

"कसली तपासणी?" रोशनीने विचारलं. "आई, कसली?"

या वेळी कुसाबाईने सगळं सांगून टाकलं, चिठ्ठीसकट.

झुंबरला घरी सोडायच्या दिवशीच खालच्या मजल्यावर रोशनीच्या हृदयाचा इको झाला. खोलीत अंधार होता. कुसाबाई पायथ्याशी उभी राहून पडद्यावर उघडझाप करणारं ते राखाडी काहीतरी बघत होती आणि त्यात चांगलं कुठलं, वाईट कुठलं, तिला कळत नव्हतं. डॉक्टरांनी मोजमाप घेतलं, पुन्हा घेतलं. भिंत थोडी जाड आहे, ते म्हणाले. अडथळा अजून नाही, औषधही आत्ताच लागणार नाही. पण खो-खो बंद, आणि दर सहा महिन्यांनी इथे यायचं.

रोशनी घरी येईपर्यंत रिक्षात रडली. झुंबर तिच्या शेजारी पोट धरून बसला होता. गंगापूर रोडवरच्या खड्ड्यांत रिक्षा आदळली की तो कळवळायचा. मखमलाबादच्या वळणावर त्याने पाच दिवसांत पहिल्यांदा कुसाबाईकडे तोंड वळवलं.

"हिच्या तारखा तू लक्षात ठेव," तो म्हणाला. "मला नाय जमायचं."