कालच्या उन्हाचं पाणी

परभणीच्या जुन्या मोंढ्यामागच्या गल्ल्यांत हिवाळ्याच्या सकाळी कधी गेला आहात का, वाचकहो? गेला असाल तर डोळे चोळतच बाहेर आला असाल. घरोघरी आंघोळीच्या पाण्याचे बंब पेटलेले असतात. कुणी पऱ्हाटी जाळतं, कुणी तुराट्या, कुणी वखारीतली बाभळ. भिंतीला भिंत लागलेली घरं, त्यामुळं एकाचा धूर दुसऱ्याच्या घरात शिरतो. पण कुणी कुणाला बोलत नाही, कारण प्रत्येकाच्या घरातून तोच निघत असतो.

ते मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे दिवस होते. एका भिंतीवर ‘नामांतर झालंच पाहिजे’ आणि समोरच्या भिंतीवर त्याच्या नेमकं उलट. एवढ्या मोठ्या बदलासाठी आणि त्याच्याविरुद्ध माणसं डोकी फोडून घेत होती. आणि त्याच गल्लीतल्या मन्मथअप्पांच्या घरात आंघोळीचं पाणी कसं तापवायचं, एवढीशी गोष्ट बदलायला कुणी तयार नव्हतं.

बरं, मन्मथअप्पा काही मागासलेले नव्हते. कापडाचं चांगलं चालतं दुकान, रोज वर्तमानपत्र वाचायची सवय, चार लोकांत शब्दाला मान. कृषी विद्यापीठातल्या प्रदर्शनात त्यांनी सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापवणारा बंब पाहिला आणि गल्लीत सगळ्यांत आधी आपल्या गच्चीवर बसवून घेतला. काळी काचेची पेटी, वर गोल टाकी. दिवसा पाणी तापायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गरम राहायचं. लाकूड नको, रॉकेल नको, विजेची वाट बघणं नको. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला अप्पा आधी गच्चीवर न्यायचे आणि मगच चहा पाजायचे.

आणि तरीही गल्लीत सगळ्यांत दाट धूर निघायचा तो त्यांच्याच न्हाणीतून! नवल वाटलं ना? मग ऐका.

बंब बसवल्यानंतर पहिल्याच सकाळी अप्पांच्या मुलानं, शिवाप्पानं, हौसेनं न्हाणीतली तोटी सोडली. वाफाळतं पाणी बादलीत पडलं. अप्पा पंचा गुंडाळून आले, पाण्यात बोट घातलं आणि थबकले.

“शिवा, हे पाणी टाकीत कवा भरलं?”

“काल सकाळी, अप्पा. काल दिवसभर तापलं ना.”

“म्हंजे रातभर ठिवलेलं? शिळं?” अप्पांनी बोट पंचाला पुसलं. “शिळ्या पाण्यानं आंघोळ करून लिंगपूजेला बसू व्हय मी? घरात रोज सकाळी ताजं पाणी भरतेत, ते काय उगंच?”

शिवाप्पा शाळेत विज्ञान शिकवायचा. सूर्य, उष्णता, तांबं, काच, सगळं मुलांना फळ्यावर काढून दाखवायचा. पण वडिलांपुढं तो मास्तर उरायचा नाही. तो नुसता “बरं” म्हणाला, आणि त्या ‘बरं’नं एका बाईच्या छातीचा निकाल लागला.

ती बाई म्हणजे त्याची बायको नीलम्मा. सासू वारलेली, त्यामुळं घरातल्या सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी तापवणं तिच्याकडं. घरची रीत अशी, की पूजेच्या आंघोळीचं पाणी जी तापवील तिनं स्वतः आधी आंघोळ केलेली पाहिजे. आता तिच्यासाठी पाणी कोण तापवणार? तर तिनं थंड पाण्यानं आंघोळ करायची, ओल्या केसांनी हापशावरून ताजं पाणी आणायचं, तांब्याचा जुना बंब पेटवायचा आणि सगळ्यांना गरम पाणी द्यायचं. तिच्या डोक्यावर गच्चीत टाकीभर गरम पाणी असायचं! ते तिनं आंघोळीला घेतलं तर ‘शिळ्या पाण्यानं न्हालेली’ म्हणून तिचा हात बंबाला चालायचा नाही. मग त्या पाण्याचं काय व्हायचं? खरकटी भांडी घासली जायची, पाहुणे पाय धुवायचे आणि रविवारी शिवाप्पा त्यानं आपली लुना धुवायचा. लुनाला गरम पाणी आणि नीलम्माला गार. असं हे सुधारलेलं घर!

न्हाणीला पूर्वी एक झरोका होता. शेजाऱ्यानं भिंत वर नेली आणि तो बुजला. धूर दारातूनच बाहेर यायचा, आणि दार उघडं ठेवलं तर माजघर काळं होतं म्हणून नीलम्मा ते लोटून घ्यायची. पहिल्या हिवाळ्यात तिला खोकला झाला. ‘हवा बदलली’ म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. पुढच्या हिवाळ्यात तिला जिना चढताना मध्येच थांबावं लागायला लागलं. अडुळशाचा काढा झाला, हळद-दूध झालं. शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, “घरात धूर होतो का?” आणि औषध लिहून देताना बजावलं, “धूर बंद केला नाही, तर या गोळ्यांचा काही उपयोग नाही.”

अप्पांनी ते ऐकलं आणि हसण्यावारी नेलं. “डाक्टरला काय जातंय बोलायला! आमच्या आईनं जलमभर चूल फुकली, तिला काय झालं न्हाई.”

त्याच आठवड्यात झरी गावाहून अप्पांची मोठी बहीण भागम्मा आली. विधवा, एकटी शेती सांभाळणारी, बोलण्यात कुणाची भीडभाड न ठेवणारी. सकाळी तिनं न्हाणीच्या दारात बसलेल्या नीलम्माला पाहिलं. पदर तोंडाशी, डोळे लाल, एका हातात फुंकणी. भागम्मा तडक गच्चीवर गेली, टाकीला हात लावून आली आणि पूजा आटोपून उठलेल्या भावासमोर बसली.

“मन्मथा, वर टाकीत कढत पाणी हाय. मंग ही पोर खाली कामून मरायलीय?”

“आक्का, ते शिळं पाणी हाय. पूजेला चालत न्हाई.”

“शिळं? अन् हापशाचं पाणी काय सकाळीच जन्मलं? ते जमिनीत कवापासून पडून हाय, इचारलंस का त्याला? आपल्या झरीच्या आडातलं पाणी रातभर आडातच ऱ्हातं की! त्याला कुणी शिळं म्हणलं न्हाई.”

“रीत हाय ती आपल्या घरची.”

“कुणी घातली रीत? आपल्या लिंगायतात सुतक पाळू नका म्हणलं, बाईचा इटाळ मानू नका म्हणलं. तेवढ्यासाठी तर आपले लोक जगाशी भांडले. अन् तू गळ्यात लिंग घालून पाण्याचा इटाळ काढतूस?”

अप्पा चिडले. “आईनं नव्हतं का केलं सगळं? तिनं कदी तक्रार केली?”

भागम्मा भावाजवळ सरकली. मग हळू आवाजात म्हणाली, “तू धाकटा व्हतास. माय शेवटी शेवटी निजू शकत नव्हती, भिंतीला टेकून बसायची. श्वास घ्यायला तोंड उघडायची अन् आमाला सांगायची, काय न्हाई, दमा हाय. तिनं तक्रार केली न्हाई, कारण तक्रार करायला दम लागतो रे. तो तिच्यात उरला नव्हता.”

अप्पांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. वाटलं, आता वितळतील. पण चार लोकांत ज्यांचा शब्द चालतो, त्यांना घरातल्या बाईचं ऐकणं फार जड जातं. “बघू,” एवढं बोलून ते दुकानाला निघून गेले. या ‘बघू’नं आपल्या समाजात किती माणसं मारली असतील, त्याची गणती कुणी ठेवलेली नाही.

शिवरात्र आली. अप्पांच्या घरी जंगम स्वामींची पाद्यपूजा आणि पाच-पन्नास माणसांचा प्रसाद. गावाकडचे पाहुणे मुक्कामाला होते, त्यामुळं आंघोळीच्या पाण्याचा घाणा सकाळपासून चालू होता. पऱ्हाटी संपली, वखारीतून आणलेली बाभळ ओली निघाली. ती पेटेना, नुसती धुमसत राहिली. बाहेरून अप्पांचा आवाज आला, “सूनबाई, दार लोटून घ्या! स्वामी आलेत, बैठकीत धूर यायलाय.” नीलम्मानं दार लोटून घेतलं.

थोड्या वेळानं एक पाहुणा दुसऱ्या बादलीसाठी न्हाणीपाशी खोळंबला. त्यानं हाक मारली. आतून उत्तर नाही. भागम्मानं ते पाहिलं आणि धावत जाऊन दार ढकललं. धुराचा लोट अंगावर आला. नीलम्मा बंबाच्या पायथ्याशी आडवी पडली होती, फुंकणी हातात तशीच!

“शिवा! अरे शिवा! धाव!” भागम्माच्या ओरडण्यानं बैठकीतला मंत्र थांबला. शिवाप्पानं बायकोला उचलून अंगणात आणलं. तोंड काजळीनं भरलेलं, नाकाभोवती काळी रेघ, ओठ निळसर. स्वामी स्वतः उठून आले, तिला उपरण्यानं वारा घालू लागले. “पाणी आणा, तोंड धुवा तिचं,” ते म्हणाले. शिवाप्पा धावला आणि भानावर नसल्यासारखा समोरची तोटी सोडून तांब्या भरून आला. टाकीचं पाणी होतं ते, कोमट, स्वच्छ. त्याच पाण्यानं नीलम्माच्या तोंडावरची काजळी निघाली. अप्पा समोर उभे होते. त्यांनी ‘शिळं’ म्हटलं नाही.

दवाखान्यात ती शुद्धीवर आली. जीव वाचला. पण डॉक्टर शिवाप्पाला बाजूला घेऊन म्हणाले, “आजचा धूर उतरेल. आधीचा जो छातीत बसलाय, तो आता निघायचा नाही. हिला असंच जपून जगावं लागेल.” नीलम्मानं अजून तिशीही गाठली नव्हती.

संध्याकाळी अप्पा खाटेजवळ जाऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सुनेपुढं हात जोडले. “सूनबाई, चुकलं माझं. मला कळलंच न्हाई.”

नीलम्मा कधी सासऱ्यापुढं मान वर करून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. एकेका शब्दाला थांबत, श्वास घेत. “कळलं व्हतं, अप्पा. देव्हाऱ्याला काजळी धरायली म्हणून तुमी गेल्या साली देव्हारा माडीवर नेला. धूर वाईट असतो, ते कळलं व्हतं तुमाला. मला कुठं न्यावं, तेवढं कुणाला सुचलं न्हाई.”

अप्पांनी जोडलेले हात खाली घेतले. शिवाप्पानं भिंतीकडं तोंड फिरवलं. विज्ञानाचा मास्तर होता तो, त्याला तर सगळ्यांत आधी कळलं होतं.

ती घरी आली त्या सकाळी न्हाणीत बंब पेटला नाही. अप्पांनी तो आदल्या दिवशीच मोडीत देऊन टाकला होता. ते स्वतः न्हाणीच्या दारात उभे होते. “आधी सूनबाईची आंघोळ,” ते म्हणाले, “मंग बाकीच्यांची.” लग्न होऊन या घरात आल्यापासून नीलम्मानं पहिल्यांदा गरम पाणी अंगावर घेतलं. आत तिला रडू आलं, रडण्यानं खोकला आला, आणि खोकला काही केल्या थांबेना. बाहेर अप्पा पंचा खांद्यावर टाकून तो ऐकत उभे राहिले. मग त्याच टाकीच्या पाण्यानं आंघोळ करून ते पूजेला बसले. तळहातावर लिंग घेतलं, तेव्हाही तो खोकला ऐकू येत होता.

पुढं अप्पा गल्लीत दारोदार जाऊन सांगू लागले. ज्यांना परवडेल त्यांनी सूर्याचा बंब घ्यावा. ज्यांना परवडत नाही त्यांनी निदान न्हाणीला धुराडं काढावं, काळ्या रंगाचं पिंप पाणी भरून उन्हात ठेवावं. काहींनी ऐकलं. बरेच जण म्हणाले, “बघू.” तो शब्द ऐकला की अप्पांचा चेहरा बघवत नसे.

म्हणून, नागरिकहो, सांगायचं ते स्पष्टच सांगतो. सुधारणा विकत आणून गच्चीवर मांडली म्हणजे घर सुधारलं असं होत नाही. ज्या रीतीपायी घरातल्या एका माणसाचा श्वास कोंडतो, ती रीत धर्माची नसते, ती आपल्या आळसाची आणि अहंकाराची असते. सूर्य कुणाकडून भाडं मागत नाही, त्याचं पाणी वापरा. आणि आजच वापरा, कारण उशिरा झालेल्या उपरतीनं घर धुरातून सुटतं, माणूस सुटत नाही.

नीलम्मा अजून आहे. जिना चढवत होता तेव्हा गच्चीवर जायला सवड नव्हती, आता जिना तिला चढवत नाही. गच्चीवरचा तो बंब तिनं जवळून कधी पाहिलेला नाही.