माईंची सात अंडी

मित्रांनो, मला बोलायची सवय नाही, तेव्हा चुकलंमाकलं पोटात घाला. मी बारा खळग्यांची लाकडी फळी आहे, अंडी ठेवायची. आता पुष्कळ जुनी झाले आहे.

सुतारबाबांनी मला उरलेल्या लाकडातून घडवलं, आपल्या बायकोसाठी, म्हणजे माईंसाठी. मला हातात घेताच माई हसल्या, "एवढे मोठे खळगे? बदकं पाळायचीत का?"

"तुझ्या कोंबड्या तुझ्यासारख्या गुबगुबीत झाल्या की कळेल!" बाबा म्हणाले.

माई परसातून रोज सकाळी अंडी आणत. घाण लागली असेल तर कोरड्या फडक्याने हलकेच पुसत, पाणी मुळीच लावत नसत. अंड्यावर जन्मतःच एक पातळ लेप असतो, तो आतल्या जिवाला जपतो. मग टोक खाली करून एकेक अंडं माझ्यात ठेवत. पाहुणे माझं कौतुक करत, तेव्हा मी फुलून जाई.

मग माई तापाने आजारी पडल्या आणि चार दिवसांत गेल्या. त्या धांदलीत खुराड्याचं दार उघडं राहिलं. रानमांजराने एकही कोंबडी ठेवली नाही. उरली ती माझ्यातली सात अंडी. शेवटची सात.

"यातून तिच्या कोंबड्यांचा वंश तरी राहील," असं पुटपुटत बाबा शेजारच्या मावशींकडे अंडी उबवायला खुडूक कोंबडी मागायला गेले.

तेवढ्यात बाबांची लेक स्वयंपाकघरात आली. रडून तिचे डोळे सुजले होते. "आईची वस्तू, आणि अशी घाण?" असं म्हणत तिने मला साबणाने घासलं. सातही अंडी नळाच्या गार पाण्यात चोळचोळून धुतली. मला ओरडावंसं वाटलं. पण फळीला कुठलं तोंड?

कोंबडी काखेत घेऊन मावशी आल्या आणि दारातच थबकल्या. "अगं बाई, धुतलीस? लेकरांच्या अंगावरचं पांघरूणच ओढलंस की!"

बाबांनी तीच अंडी कोंबडीखाली ठेवली. एकवीस दिवस झाले. पंचवीस झाले, तरी एकही पिल्लू बाहेर आलं नाही. शेवटी मावशीच म्हणाल्या, "भाऊ, उठवा आता तिला."

"माझ्यामुळेच ना, बाबा?" लेकीने विचारलं.

"छे गं! शिळीच होती ती. तुझी आई विसरभोळी, कधीची साठवली होती कोण जाणे."

मित्रांनो, अंडी ताजी होती. माई कधीच काही विसरत नसत. हे बाबांना ठाऊक होतं आणि मलाही. लेकीला वाचवायला त्यांनी गेलेल्या माईंवर आळ घेतला, आणि मग परसात जाऊन कितीतरी वेळ रिकाम्या खुराड्याची कडी लावत राहिले.

एवढंच मागते. कुणाच्या मागे राहिलेल्या वस्तूला हात लावण्याआधी, ती स्वच्छ करण्याआधीसुद्धा, घरात एकदा विचारा. माया करणारे हातच कधीकधी फार जोरात घासतात.