हे लँडिंग कोणाचं?

मॅडमच्या जिभेला हाड नव्हतं, हे वैमानिक प्रशिक्षण केंद्रात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाचं विमान उतरताना टणाटण उडालं, की त्या सगळ्यांदेखत ओरडत, "बेडूक आला रे!" शिकवायच्या मात्र झकास. "नजर धावपट्टीच्या पार टोकाला. नाक हळूच वर. जमीन येते आपणहून, तिच्या अंगावर धावू नका."

त्या दिवशी सिस्टर पहिल्यांदा एकटी उडणार होती. ती नर्स, म्हणून सगळे तिला सिस्टरच म्हणत. रात्रपाळ्या सांभाळून शिकत होती बिचारी. आधी मॅडम एकदा उतरवून दाखवणार, मग तिची सोलो. केंद्राचे मोठे सर धावपट्टीकडेच्या बाकावर बसून बघत होते.

"कंट्रोल माझ्याकडे," मॅडम म्हणाल्या. सिस्टरनं हात मांडीवर ठेवले. आणि मॅडमनी नाक जास्तच उचललं. विमान आदळलं, उडालं, पुन्हा आदळलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

"हे लँडिंग कोणाचं?" दोघी विमानातून उतरताच सरांनी विचारलं.

"हिचं," मॅडमच्या तोंडून निघून गेलं.

"मग आज सोलो नाही."

सिस्टर मान खाली घालून विमान दोरीनं बांधायला लागली. मॅडम शेजारी घुटमळल्या.

"मॅडम, माझा हात कंट्रोलला कधी लागला हो? मला तर मांडीवर होता असंच वाटतंय. मी तान्ह्या बाळांना सुया टोचते. हात कुठे आहे तेच कळत नसेल, तर उद्या वॉर्डात जाऊ कशी?"

मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण धरणीनं तर मघाशीच त्यांना वर फेकलं होतं. त्या तशाच सरांकडे गेल्या आणि चार पोरांसमोर खरं ते बोलल्या. सर एवढंच म्हणाले, "मला काय सांगता? तिला सांगा. उडू दे तिला."

मॅडम धावत परत आल्या. "सिस्टर, लँडिंग माझं होतं! तुझा हात नव्हताच. मी खोटं बोलले. चल, बस विमानात."

सिस्टर कसनुशी हसली. "फार चांगल्या आहात तुम्ही. पण माझी समजूत काढायला खोटं नका बोलू, मॅडम."

"अगं, शप्पथ!"

"नको. आज नकोच."

तिनं नुकतीच मारलेली गाठ सोडली, पुन्हा बांधली, ओढून पाहिली, आणि परत सोडली.